पापा इद्रिसांचं शेवटचं भाषण

८ सप्टेंबर, रविवार

एजन्सीच्या रजिस्टरमध्ये इंग्रजीत लिहायचं असतं. बीपी, साखर, किती जेवले, पोट साफ झालं का. ते लिहून झालं तरी माझ्याकडे काहीतरी उरतं आणि ते कुठे ठेवायचं कळत नाही. नवरा मन्सूर इथल्या हमद बंदरावरच्या कामावरून येतो तो कंटेनर डोक्यात घेऊनच, जेवता जेवता झोपतो. लेक अलीजाला मराठीत काही सांगायला गेलं की म्हणते, "मम्मी, नॉट नाऊ." म्हणून ही वही.

पेशंटचं नाव इद्रिसा. वय सत्त्याऐंशी, हृदय थकलेलं, गुडघे गेलेले. मुलगी आयसातू मॅडम इथे आखातात युनिव्हर्सिटीत शिकवतात, त्यांच्या अल थुमामाच्या व्हिलात माझी दिवसपाळी. सगळे त्यांना पापा म्हणतात, म्हणून मीही. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचे ते आधी मंत्री, पुढे पंतप्रधान होते. देशाचं नाव कुठेही घ्यायचं नाही असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, म्हणून इथेही लिहीत नाही. सासरी दाभोळला सांगितलं, मी एका पंतप्रधानाचे डायपर बदलते, तर हसतील. बदलताना काही वेगळं वाटत नाही.

आज नणंदेचा, फरहाचा फोन. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. फरहा म्हणाली, "भाभी, तू नर्स. बाहेरच्या बापाची सेवा करतेस, घरच्या आईची कोण करणार?"

मी म्हटलं, येते. कधी ते बोलले नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पापा बोलायच्या लहरीत होते. त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं रत्नागिरीच्या नर्सिंगचं, पण निभतं. मी पाय चोळत होते तर म्हणाले, "या पायांनी एकदा अख्ख्या देशाची रेल्वे थांबवली होती."

शेंगदाणे पिकवणाऱ्या गावात जन्मले. मास्तर झाले, मग रेल्वे कामगारांच्या संपाचे पुढारी. गोऱ्यांचं राज्य गेलं तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती आणि थेट शिक्षणमंत्री. "पहिल्या दिवशी मी कचेरीतल्या शिपायालाच साहेब समजून सलाम ठोकला. त्याचा कोट माझ्यापेक्षा चांगला होता." गावोगाव शाळा काढल्या, इमारत नसेल तिथे झाडाखाली. मग लष्कर आलं. राष्ट्राध्यक्षांना धरलं, यांनाही धरलं. वाळवंटातल्या किल्ल्यात नेऊन हातात एक कागद दिला: राष्ट्राध्यक्ष देशद्रोही होते, एवढं रेडिओवर वाच आणि घरी जा.

यांनी नाही वाचलं. सात वर्षं आत काढली. त्या नकारामुळेच पुढे लोकांनी डोक्यावर घेतलं, निवडणुका आल्या तेव्हा पंतप्रधान केलं. ते वर्षभरच. परत दुसरे शिपाई आले, आणि तेव्हापासून हे देशोदेशी.

"आणि तुम्ही आत असताना घरचे?" मी विचारलं.

"बायको दुसऱ्या वर्षी गेली. ताप. आयसातू चार वर्षांची होती. माझ्या भावाने वाढवली."

मग पाणी मागितलं आणि अर्धा ग्लास तसाच ठेवला.

हॉलमध्ये त्यांचा तुरुंगातून बाहेर पडतानाचा फोटो आहे. मॅडम तो स्वतः पुसतात, कामवालीला हात लावू देत नाहीत. बापाच्या खोलीत मात्र दाराशीच उभ्या राहून बोलतात. मोठी माणसं, त्यांचे रिवाज वेगळे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी नमाजनंतर पापा म्हणाले, "माझ्या लामिनसाठी दुआ कर." लामिन म्हणजे त्याच भावाचा मुलगा, वर्तमानपत्रात लिहिणारा. भाऊ आता हयात नाही. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून लामिन गेल्या वर्षापासून तुरुंगात आहे. मी दुआ केली.

दुपारी त्यांच्या देशाच्या वकिलातीतून एक कर्नल आला. साधे कपडे, हातात मधाची बरणी. इतका अदबीचा माणूस मी पाहिला नाही. पापांच्या पायाशी गालिच्यावरच बसला. तिथे आता पुन्हा लष्कराचंच राज्य आहे. मी उठून जायला लागले तर पापा म्हणाले, "बस. कर्नल, इंग्रजीत बोला. माझ्या नर्सला फ्रेंच येत नाही, तिला ऐकू दे." एवढ्या मोठ्या माणसाला माझी किती काळजी.

कर्नल म्हणाला, पुढच्या महिन्यात स्वातंत्र्यदिन आहे. पहिला झेंडा चढवणाऱ्यांपैकी आता आपणच उरलात. येऊन पाच मिनिटं बोलावं, नव्या सरकारला आशीर्वाद द्यावा. मग हळूच म्हणाला, "लामिनच्या केसकडेही लक्ष घालता येईल."

पापा म्हणाले, "कोण लामिन?"

मला धस्स झालं. कर्नल गडबडला, नातं समजावून सांगायला लागला. पापा म्हणाले, "माझ्या भावाला मुलगा होता?" आणि डोळे मिटून चक्क झोपी गेले. कर्नल बराच वेळ बसून निघून गेला.

सकाळचं दुपारी आठवू नये हे लक्षण बरं नाही. रजिस्टरमध्ये लिहायला हवं होतं. हात धजला नाही. उद्या लिहीन.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम. कर्नल परत आला. बिचारा. पापांना आठवत नाही म्हणून त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं वाढवून सांगावं लागलं. आधी म्हणाला केस बघू, मग म्हणाला जामीन देऊ, शेवटी म्हणाला पूर्ण सोडू आणि पासपोर्टही परत देऊ. तेव्हा कुठे पापा म्हणाले, "हां, लामिन. कान मोठे होते त्याचे लहानपणी." मला हायसं वाटलं.

तो गेल्यावर बाप-लेकीचं फ्रेंचमध्ये जुंपलं. मला फक्त "लामिन", "रेडिओ" आणि "मामाँ", म्हणजे आई, एवढे शब्द कळले. मॅडम कधी आवाज चढवत नाहीत, आज खोलीतल्या औषधांच्या बाटल्या किणकिणल्या. मग स्वयंपाकघरात आल्या आणि चहा टाकायच्या ऐवजी नुसत्याच गॅसजवळ उभ्या राहिल्या. मीच टाकला.

"ते भाषण करणार म्हणतात," त्या म्हणाल्या. "अजरा, त्या एका नकारावर आमचं घर उभं आहे. माझी आई त्यात गेली. मी परक्या चुलीवर वाढले. लोक मला म्हणायचे, रडू नकोस, तुझा बाप वाकला नाही. मी नाही रडले. मी आज त्यांना विचारलं, आता वाचता येतं तर तेव्हा का नाही वाचलंत?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तेव्हा मी तरुण होतो, मला मोठं व्हायचं होतं."

चहा तसाच ठेवून गेल्या. मला वाटतं, दोघांनाही थोडी विश्रांती हवी आहे. मलाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अम्मी फोनवर म्हणाल्या, "कधी येतेस गो?" मी म्हटलं, पेशंटचं जरा नाजूक चाललंय, ते मार्गी लागू दे. फोन ठेवल्यावर पापांनी विचारलं, कोण होतं? मी सांगितलं. म्हणाले, "तू घरी जायला घाबरतेस."

"घाबरायचं काय? रजा मिळत नाही."

"मागितलीस?"

मी विषय बदलला. म्हातारपणी माणसं काहीही बोलतात. इथे माझं काय अडकलंय? सकाळी साडेपाचला व्हॅन, संध्याकाळी पाय सुजलेले. डॉक्टर मात्र मला "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतात. दाभोळच्या घरात मला काय वाटतं हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. पण तो विषय वेगळा.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज डॉक्टर घरी आले. विमानाचा प्रश्न लगेच मिटला, हृदयाला झेपणार नाही. पण कर्नलने दुसरी वाट काढलीय: इथेच कॅमेरा आणू, भाषण रेकॉर्ड करू, तिथे मोठ्या पडद्यावर दाखवू. म्हणून मॅडमना डॉक्टरांकडून वेगळं काही हवं होतं. पापांचं मन ठिकाणावर नाही असं डॉक्टर म्हणाले, तर त्या भाषणाला कुणी किंमत देणार नाही, आणि पापांचं नावही शाबूत राहील. हे त्यांनी मला सकाळी जिन्यात सांगितलं. "खोटं बोल म्हणत नाही. जे पाहिलंस तेवढंच सांग."

डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला. पापांनी बरोबर सांगितलं. मग विचारलं, तुमच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष कोण?

"निवडून आलेला विचारताय की बसलेला?"

डॉक्टर हसले. मॅडम हसल्या नाहीत. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, गेल्या महिन्यात विसरल्यासारखं, गोंधळल्यासारखं काही?"

"कोण लामिन" माझ्या अगदी जिभेवर आलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, सांगितलं असतं तर त्यात खोटं काही नव्हतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. पापा खिडकीबाहेर बघत होते, जणू गोष्ट दुसऱ्याच कुणाची चाललीय. पण त्यांच्या बोटांतली तसबीहची माळ थांबली होती. सकाळपासून फिरत होती, आणि माझं उत्तर यायच्या वेळेलाच थांबली. ज्याला काही कळत नाही त्याची बोटं कशाला थांबतील?

मी म्हटलं, "नाही डॉक्टर. त्यांना सगळं समजतं."

डॉक्टर गेल्यावर पापा म्हणाले, "माझ्या आयुष्यात पुष्कळ मतं मागितली. हे एक न मागता मिळालं."

मला आनंद झाला नाही. घरी येऊन भात करपवला.

६ ऑक्टोबर, रविवार

एजन्सीचा फोन. फॅमिलीला पुढच्या महिनाअखेरीपासून दुसरी नर्स हवी आहे. कामाबद्दल तक्रार नाही म्हणे. मॅडम समोर आल्या तेव्हा नेहमीसारखंच "गुड मॉर्निंग अजरा" म्हणाल्या. मी चिडायला हवं होतं. दमले होते.

मन्सूरला सांगितलं. तो बराच वेळ ताटात बोट फिरवत बसला. मला वाटलं, म्हणेल चला, आता तरी अम्मीकडे जा. ताट उचलून धुवायला घेऊन गेला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

रेकॉर्डिंग झालं.

सकाळी पापांनी दाढी दोनदा करून घेतली. पांढरा झगा आणि टोपी घातली, तर फोटोतले दिसायला लागले. मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, दिवे लावले, मागे त्यांचा झेंडा. कर्नलने कागद दिला, ठळक अक्षरांत. मॅडम कामावर निघून गेल्या होत्या. मला वाटत होतं, पापा ऐनवेळी काहीतरी वेगळं बोलतील. आयुष्यभराचा पुढारी माणूस, असा कागद कसा वाचेल? कर्नललाही तीच धास्ती असावी, रुमालाने मान पुसत होता.

पापांनी सगळं जसंच्या तसं वाचलं. फ्रेंच मला कळत नाही, पण कागद मीच धरला होता आणि त्यांचं बोट ओळीवरून फिरत होतं. एक ओळ गाळली नाही, एक शब्द वाढवला नाही. एका ठिकाणी खोकला आला तर कर्नल म्हणाला, ते वाक्य पुन्हा घेऊ या. पापांनी पुन्हा वाचलं.

दिवे विझल्यावर म्हणाले, "खलास." टोपी काढून माझ्याकडे दिली. मी विचारलं, वाईट वाटतंय का?

"नाव माणसाने खर्चायला कमवायचं असतं, अजरा. मी ते फार वर्षं जपून ठेवलं. माझ्या भावाने माझी मुलगी वाढवली, त्याला मी काय दिलं होतं? भिंतीवर लावायला एक फोटो."

बीपी एकशे सत्तर. गोळी जिभेखाली ठेवली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

भाषण तिथे चौकाचौकांत दाखवलं. तेव्हापासून मॅडमच्या फोनवर शिव्या येतात. ओळखीच्यांच्या, अनोळखी लोकांच्या. विद्यापीठातली त्यांच्या देशाकडची मुलं बोलेनाशी झाली आहेत. पॅरिसहून पापांचा जुना साथीदार दर शुक्रवारी फोन करायचा, किल्ल्यात दोघं एकाच कोठडीत होते. त्याने एकदाच फोन केला, एक वाक्य बोलला आणि ठेवला. काय म्हणाला ते पापांनी सांगितलं नाही. शुक्रवारी मात्र फोन मांडीवर घेऊन बसले होते.

आणि लामिन अजून आतच. कर्नल फोन उचलत नाही. मी म्हटलं, फसवलं तुम्हाला त्यांनी. पापा म्हणाले, "शक्य आहे. मीही मंत्री असताना लोकांना असंच थांबवून ठेवलंय."

जेवण निम्म्यावर आलंय. झोपही नाही. मॅडम आता दाराशीही येत नाहीत. ऑफिसला जाताना कॉरिडॉरमधून चपलांचा आवाज येतो, दारापाशी जरा थांबतो, मग पुढे जातो. काहीतरी विसरत असतील.

९ नोव्हेंबर, शनिवार

मन्सूर आज आपणहून बोलला. "माझी दोन महिन्यांची सुट्टी साचलीय. अम्मीकडे मी जातो. तू इथे दुसरी ड्यूटी बघ."

मी म्हटलं, तू पुरुष माणूस, तुला काय जमणार तिचं अंग पुसणं, बेडपॅन?

"आई माझी आहे ना? तू शिकव." मग जरा थांबून म्हणाला, "इथे तू सिस्टर अजरा असतेस. तिथे गेलीस की नुसती सून होतेस. मला दिसतं गं ते. आजवर बोललो नाही."

मला रडू आलं, आणि का ते सांगता येईना. सोळा वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं मोठं वाक्य पहिल्यांदा बोलला. शेवटी ठरलं, अलीजाला हिवाळी सुट्टी लागली की तिघंही जायचं. महिनाभर मी राहीन, त्याला सगळं शिकवीन आणि परत येईन. फरहा काय म्हणायचं ते म्हणू दे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लामिनला सोडलं! प्रकृतीच्या कारणावरून, असं जाहीर केलं. मॅडमनी मला फोनवर सांगितलं, "पापांना सांग." मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना. म्हणाल्या, "मीटिंग आहे."

सांगितलं तेव्हा पापांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. दुपारी पूर्ण वाटी सूप घेतलं.

पण संध्याकाळच्या आतच लामिनचं निवेदन आलं. मॅडमनी घरी येऊन ते इंग्रजी करून मला वाचून दाखवलं, मला का ते कळलं नाही. 'माझ्या सुटकेसाठी कुणी भाषण करावं असं मी म्हटलं नव्हतं. ज्या माणसाच्या नकाराच्या गोष्टी ऐकून मी लिहायला शिकलो, तो माणूस माझ्यासाठी आता उरला नाही.'

मी म्हटलं, पापांना हे कळवू नये.

आतून पापांचा आवाज आला, "मी वाचलंय." त्यांनी टॅब्लेट कधी घेतला होता कुणास ठाऊक. "चांगलं लिहितो. त्याच्या वयात मीही हेच लिहिलं असतं."

मॅडम दारापर्यंत गेल्या. तिथून परत फिरल्या.

१७ नोव्हेंबर, रविवार

असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली होती. पापांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. त्यांची भावजय, लामिनची आई. मी फोन उशीला टेकवून धरला. म्हातारी बाई, डोक्याला पिवळं फडकं. तिने सलाम केला, फ्रेंचमध्ये तब्येत विचारली असावी, पापांनीही विचारली. भाषणाचं नाव दोघांनी घेतल्यासारखं वाटलं नाही. मग ती काहीतरी पुटपुटली आणि फोन घेऊन चालायला लागली. अंगण दिसलं, रांजण दिसला, एक बकरी आडवी गेली. मग तिने कॅमेरा खाली वळवला.

ओसरीवर चटई टाकून एक माणूस झोपला होता. कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड उघडं. मी तुरुंगातून आलेली माणसं पाहिलेली नाहीत, पण इतके सुकलेले घोटे मी फक्त वॉर्डात पाहिलेत. केस भादरलेले, त्यामुळे कान खरोखरच मोठे दिसत होते. म्हातारी शेजारी बसली आणि फडक्याच्या टोकाने त्याच्यावरच्या माश्या वारायला लागली. मग तिने त्याच्या खांद्याला हात लावला, उठवायला.

पापा घाईने काहीतरी म्हणाले. तिने हात मागे घेतला.

मॅडम कधी आल्या ते मला कळलं नाही. गाडीची किल्ली हातात, पर्स खांद्याला तशीच. खोलीच्या आत, पलंगापाशी. त्यांनी फोनकडे पाहिलं आणि हळूहळू खाली बसल्या, फरशीवर, बापाच्या गुडघ्याला टेकून. फ्रेंच नव्हे अशा कुठल्यातरी बोलीत काहीतरी बोलल्या. त्यांच्या गावची बोली असेल, या घरात मी ती कधी ऐकली नव्हती. पापांचा हात शोधत शोधत लेकीच्या डोक्यावर आला. साठीची बाई ती, डोकं तसंच राहू दिलं.

तिकडे म्हातारी माश्या वारत होती, इकडे ही दोघं बघत होती. एकदा लामिनने झोपेतच कूस बदलली, तर दोघंही एकदम पुढे झुकली.

फोनची बॅटरी संपत आली होती. मी चार्जर आणून लावला, पडदा थोडा ओढून घेतला आणि बाहेर येऊन बसले.